भुरी आणि वाकळेतल्या पिसवा : जिंतूर तालुक्यातील एका घराचा प्रकरण अभ्यास

पोळ्याला दहा दिवस उरले असताना, जिंतूर तालुक्यातील पूर्णा नदीकाठच्या एका गावात मी दूध एकाएकी कमी झालेली म्हैस पाहायला गेलो होतो. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केल्यामुळे आमच्या भागात मला सारेच ‘डॉक्टर’ म्हणतात. प्रत्यक्षात मी पदवीधर पशुवैद्य नाही, आणि या प्रकरणात जिथे पशुवैद्याशिवाय भागणार नव्हते तिथे ते मी घरच्यांना स्पष्ट सांगितले. म्हैस पाहून झाल्यावर ओसरीवर चहा घेत असताना घरातल्या सहा वर्षांच्या नातीच्या पायांकडे माझे लक्ष गेले. घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत लालसर गांधी उठल्या होत्या, तीन-तीन, चार-चार जवळजवळ, आणि प्रत्येक गांधीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा ठिपका होता. गुडघ्याच्या वर मात्र एकही खूण नव्हती. घरच्यांनी डासांवर ठपका ठेवून रोज तिन्हीसांजेला धूर करायला सुरुवात केली होती. डास चावले असते तर हातांवर, तोंडावरही खुणा दिसण्याची शक्यता होती. जमिनीवरून जेमतेम वीतभर उंच उडी मारू शकणारा किडा चावला म्हणजे खुणा तेवढ्यातच राहतात. मी विचारले, “मावशी, घरात मांजर आहे का?”

मांजर होते. बळदातल्या आणि पोत्यांतल्या ज्वारीला उंदरांचा उपद्रव होऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी आणलेली भुरी पाच आठवड्यांपूर्वी व्याली होती आणि तिची तीन पिल्ले मागच्या अंधाऱ्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीमागे टाकून दिलेल्या एका जुन्या वाकळेवर वाढत होती. घर माळवदाचे, पुढे शहाबादी फरशीची ओसरी, मागच्या दोन खोल्यांना शेणाने सारवलेली जमीन, आणि परसात गोठा. भुरीच्या शेपटीच्या बुडाशी केस उलटे फिरवून पाहिले तेव्हा कातडीवर चहाच्या बारीक चुऱ्यासारखे काळे कण दिसले. ते पांढऱ्या कागदावर झटकून वर पाण्यात पिळलेला कापूस टेकवला, तर अर्ध्या मिनिटात प्रत्येक कणाभोवती तांबूस वलय पसरले. साधी धूळ असती तर ती काळी किंवा मातकट राहिली असती. तांबूस रंग सुटला याचा अर्थ ती पिसवांची विष्ठा होती, आणि पिसूची विष्ठा म्हणजे मांजराचेच वाळलेले रक्त. नातीची आई तो कागद बराच वेळ हातात धरून पाहत राहिली.

आधी काय केले गेले होते

घरच्यांनी काहीच केले नव्हते असे नाही, किंबहुना फार केले होते. आजींनी चार दिवसांपूर्वी कडुनिंबाच्या तेलात खोबरेल मिसळून, वर कापराच्या चार वड्या कुस्करून घालून ते मिश्रण भुरीच्या अंगाला चोळले होते. तासा-दीड तासात भुरीच्या तोंडाला फेस आला, ती लटपटत चालू लागली आणि तिचे कान व पाठीची कातडी थरथरायला लागली. थोरल्या सुनेने घाबरून तिला कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने धुतले, कोरडे करून टॉवेलात गुंडाळून चुलीजवळ बसवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मांजर ठीक झाले. सुनेने हे केवळ अंदाजाने केले होते, पण अंगावरचे तेल साबणाने उतरवणे आणि जनावराला ऊब देणे हीच अशा वेळची पहिली योग्य कृती आहे. तेवढे करून जनावर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायला हवे होते, ते राहिले. आजींना मात्र हे पटत नव्हते. “लिंब तर देवीचं झाड, त्यानं मांजराला काय होणार डॉक्टर?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न अगदी रास्त होता.

कडुनिंबातील कडू द्रव्यांचा किड्यांच्या वाढीवर परिणाम होतो, हे खरे आहे. कपाशीवर निंबोळी अर्क फवारणाऱ्या शेतकऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. अडचण मांजराच्या बाजूची आहे. मांजर जागेपणाचा मोठा भाग अंग चाटण्यात घालवते, त्यामुळे त्याच्या केसांना लावलेली प्रत्येक वस्तू संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलेली असते. दुसरे असे की, माणसाचे आणि कुत्र्याचे यकृत ज्या एका मार्गाने कित्येक तेले, सुगंधी द्रव्ये व औषधे निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकते, तो मार्ग मांजराच्या यकृतात फार अशक्त असतो. म्हणून कापूर, निलगिरी तेल, लवंग तेल, चहाच्या झाडाचे तेल म्हणून हल्ली शहरांत विकले जाणारे टी ट्री तेल, लिंबू-संत्र्याच्या सालीचे अर्क, हे सारे वनस्पतींपासून आलेले असूनही मांजराला घातक ठरू शकते. ‘पिसवा पळतात’ म्हणून खाण्यात लसूण घालण्याचा सल्ला तर सरळ धोकादायक आहे. लसूण आणि कांदा यांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणजे पिसवांनी आधीच रक्त प्यायलेल्या जनावराचे उरलेले रक्तही आपणच कमी करतो.

पोत्यांच्या मागे कुणीतरी डांबरगोळ्या टाकलेल्या सापडल्या. त्या मी तत्काळ उचलायला लावल्या, कारण त्यांची वाफ बंद खोलीत पिल्लांच्या श्वासाबरोबर आत जाते. सर्वांत मोठे संकट मात्र अजून घडायचे होते. घरातल्या धाकट्या मुलाने कपाशीच्या फवारणीतून उरलेले सायपरमेथ्रिन पंपात कालवून ठेवले होते आणि त्या संध्याकाळी मागची खोली पोत्यांसकट फवारून टाकण्याचा त्याचा बेत होता. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन ही एकाच कुळातली कीटकनाशके आहेत. गुरांच्या गोचिडांवर त्यांतील काही आम्हीच वर्षानुवर्षे वापरत आलो. मांजराला मात्र याच कुळातील औषधांनी झटके येऊन मरण येऊ शकते, आणि कुत्र्यासाठी असलेले परमेथ्रिनचे थेंब मांजराच्या मानेवर टाकल्यामुळे जगभर मांजरे दगावलेली आहेत. शिवाय त्या खोलीत घराची खायची ज्वारी होती. पंप मी माझ्यासमोर बाहेर न्यायला लावला. तो मुलगा नाराज झाला, पण अंगणापर्यंत पंप त्यानेच उचलून नेला.

पिसवा कुठे असतात

या घरात ज्या एका चुकीच्या समजुतीमुळे सगळा खटाटोप मांजराच्या अंगावर चालला होता, ती दूर करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मांजरावर दिसणारी मोठी पिसू ही एकूण वस्तीचा फार लहान हिस्सा असते. साधारण हिशेब असा की, शंभरातल्या पाच अंगावर आणि उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळ्या व कोश यांच्या रूपात जमिनीवर. मादी पिसू मांजराचे रक्त प्यायल्यानंतर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत, पांढरी, खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात. ती केसांना चिकटत नाहीत, मांजर जिथे झोपते, जिथून उडी मारते, तिथे गळून पडतात. दोन ते पाच दिवसांत त्यांतून केसासारख्या बारीक पांढऱ्या अळ्या निघतात, उजेड टाळत फटींत, वाकळेच्या टाक्यांत, पोत्यांच्या खाली शिरतात आणि वरून पडणाऱ्या त्या रक्ताच्या काळ्या चुऱ्यावर वाढतात. मग अळी स्वतःभोवती चिकट रेशमी कोश विणते, त्याला धूळ-माती चिकटते, आणि तो कोश शेजारच्या मातीच्या कणापासून ओळखू येत नाही. आतली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर पडेलच असे नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासाची हवा यांपैकी काही जाणवेपर्यंत ती कोशात थांबते आणि प्रसंगी महिनोन्‌महिने थांबू शकते.

मराठवाड्यातल्या हवामानाशी हे चक्र जोडून पाहिले की पावसाळ्यातच हा त्रास का वाढतो ते कळते. हवेत ओलावा पन्नास टक्क्यांच्या खाली गेला तर अळ्या सुकून मरतात, आणि पस्तीस अंशांच्या वरचे तापमानही त्यांना मानवत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात आमच्या अंगणातली उघडी जमीन पिसवांसाठी मसणवाट असते. श्रावण-भाद्रपदात मात्र सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची दमट हवा, बंद खोली, सारवलेली ओलसर जमीन आणि पोत्यांमागचा अंधार, हे सारे त्यांच्यासाठी जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे असते.

म्हणून नैसर्गिक उपाय म्हणजे मांजराला काय लावायचे, हा विचार मी घरच्यांना सोडून द्यायला सांगितला. फणी, उकळते पाणी, ऊन, झाडू आणि कोरडेपणा या पाच गोष्टींवर आम्ही सगळी मोहीम उभी केली. पिल्ले लहान असल्यामुळे दुसरा पर्यायही फारसा नव्हता. मानेवर टाकायची मांजरांसाठीची बहुतेक औषधे आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना देता येत नाहीत.

अशक्त पिल्लू

तीन पिल्लांपैकी दोन हुंदडत होती. तिसरे, भुऱ्या रंगाचे, हातात घेतले तरी मान उचलत नव्हते. त्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली, तर ती गुलाबी असण्याऐवजी वाळलेल्या कणकेच्या रंगाची होती. किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचे वजन ३१० ग्रॅम भरले. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे ते साधारण ४५० ते ५०० ग्रॅम असायला हवे. एक मादी पिसू दिवसाला सुमारे १३.६ मायक्रोलीटर रक्त पिते, म्हणजे ७२ माद्या मिळून रोज एक मिलिलीटर. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण ३१० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळे मिळून रक्तच जेमतेम २० मिलिलीटर असते. घरगुती उपायांची वेळ इथे संपलेली होती. मी त्यांना त्याच दिवशी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाठवले. तिथे रक्तक्षय असल्याचे निदान झाले, पिल्लाला सलाईन व लोहाचे औषध देण्यात आले, आणि पिसवा फणीनेच काढाव्यात, आंघोळ घालून पिल्लाला गारठवू नये, असे सांगण्यात आले.

फणी

मांजरांसाठीची खास फणी गावात मिळण्याची शक्यता नव्हती, पण उवा-लिखा काढायची बारीक दातांची लाकडी फणी घरोघरी असते आणि तिचे दात पिसू अडवण्याइतके जवळ असतात. वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात कपड्यांच्या साबणाचा चुरा विरघळवायचा, मांजर मांडीवर घ्यायचे, आणि आधी मानेभोवती, मग पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत, शेवटी पोटाखाली व जांघेत फणी फिरवायची. दर दोन-तीन फटक्यांनंतर ती वाटीत बुडवायची. साध्या पाण्यात पिसू वर तरंगते आणि काठावरून उडी मारून जाते. साबणामुळे पाण्याचा वरचा ताण मोडतो आणि ती थेट तळाशी जाते. नखावर चिरडण्याची सवय मी मोडायला लावली, कारण पिसूच्या पोटात मांजराच्या पट्टकृमीची, म्हणजे आतड्यातल्या चपट्या जंताची, अळी असू शकते.

पहिल्या दिवशी भुरीच्या अंगावर ३१, आणि पिल्लांवर अनुक्रमे ९, १४ व ६ पिसवा सापडल्या. हा आकडा मी सांगतो म्हणून नव्हे, तर आठवीतल्या नातवाने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवला म्हणून आज माझ्याजवळ आहे. त्याला मी रोज सकाळ-संध्याकाळ मोजणी करायला सांगितले होते, आणि आठवीच्या मुलाला मोजायचे काम दिले की तो फणी चुकवत नाही. फणीत मिळाल्या तेवढ्याच अंगावर असतात असे नाही. पण रोज एकाच पद्धतीने मोजल्यावर आकडा चढतो की उतरतो हे कळते, आणि आम्हाला तेवढेच हवे होते.

बिछाना

वाकळ ही पिसवांसाठी सर्वांत सोयीची आणि धुवायला सर्वांत गैरसोयीची वस्तू आहे. जुन्या लुगड्यांचे आठ-दहा थर, त्यांत हजारो टाके, आणि ओली झाली की दोघांना उचलावी लागते. ती हंड्यात मावत नाही, आणि श्रावणातल्या ढगाळ दिवसांत आतपर्यंत वाळत नाही. पिल्लांखालची वाकळ आम्ही धुण्याचा प्रयत्नच केला नाही. ती घडी न उलगडता, आतला चुरा सांडू न देता, खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या गोणीत भरून तोंड बांधले आणि शेताकडेला नेऊन जाळली.

तिच्या जागी आम्ही प्लॅस्टिकचे एक मोठे घमेले ठेवले. थोरल्या सुनेने आधी बांबूची दुरडी आणली होती, पण दुरडीच्या विणीत अंडी अडकून राहतात; घमेल्याच्या गुळगुळीत बाजूंना ना फट असते ना टाका. आत जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे अंथरले आणि तसेच चार तुकडे बदलीला ठेवले. दर तिसऱ्या दिवशी आतले तुकडे काढून थेट उकळत्या पाण्याच्या हंड्यात टाकायचे, घमेल्यात गरम पाणी ओतायचे, आणि नवे तुकडे घालायचे. तिसरा दिवस ठरवण्याला कारण होते: अंड्यातून अळी निघायला दोन ते पाच दिवस लागतात, तेव्हा अंडी बहुतांशी अंडी असतानाच ती उकळत्या पाण्यात जायला हवीत. या व्यवस्थेत भुरीच आपल्या बाजूने काम करते. ती जिथे झोपते तिथे अंडी पडतात, आणि आपण तिची झोपायची जागा एकच केली तर अंडीही एकाच जागी गोळा होतात.

भुरीला अर्थातच हे मान्य नव्हते. ओसरीच्या कोपऱ्यातल्या उजेडातल्या घमेल्यातून तिने दोन रात्री पिल्ले मानेला धरून पुन्हा पोत्यांमागे नेली. तिसऱ्या दिवशी घमेले बाजेखाली सरकवून बाजेवरून एक जुने लुगडे जमिनीपर्यंत सोडले, मागच्या खोलीचे दार बंद केले, आणि मग ती तिथे टिकली. व्यालेल्या मांजरीला स्वच्छतेपेक्षा आडोसा महत्त्वाचा असतो, हे मला आधीच सुचायला हवे होते.

जमीन

ओसरीची शहाबादी फरशी वरून स्वच्छ दिसत होती. दोन फरश्यांमधल्या सांध्यांत जुन्या करवतीचे पाते फिरवले तेव्हा मात्र त्यांतून राखाडी, मऊ, केसाळ धूळ निघाली. ती काळ्या पाटीवर पसरून भिंगातून पाहिली तर तिच्यात पांढरे अंडाकृती दाणे, काळा चुरा आणि दोन वळवळणाऱ्या अळ्या होत्या. आजींनी भिंगाला डोळा लावला, पाहिले, आणि त्यानंतर त्यांनी कडुनिंबाच्या तेलाचे नाव काढले नाही. सगळे सांधे खरवडून त्यांत किटलीने उकळते पाणी सोडले, दोन दिवस पंखा लावून वाळू दिले आणि मग सिमेंटने भरून घेतले. त्या ओसरीत पुढे रोज झाडू मारून निघणारी धूळ साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकली जाई. ती अंगणात झटकली तर अळ्यांना आपण केवळ घर बदलून देतो.

मागची मातीची खोली अवघड होती. पोती हलवून ती विटांवर आणि फळ्यांवर चढवली, खालची भुसभुशीत माती खुरप्याने बोटभर खरवडून दोन घमेली बाहेर काढली, तिच्यावर उकळते पाणी ओतून ती उकिरड्यात पुरली. सारवणाबाबत मी थोडा साशंक होतो. ताजे सारवण भेगा बुजवते, हा त्याचा फायदा आहे. पण पावसाळ्यात बंद खोलीत ते दोन-दोन दिवस ओले राहते आणि अळ्यांना हवा असलेला ओलावा आपणच पुरवतो. म्हणून उघडीप मिळेल त्याच सकाळी सारवायचे, दार आणि झरोका उघडा ठेवायचा आणि पंखा लावायचा, असे ठरले. जमिनीवर मीठ पसरण्याचा सल्ला शेजारून आला होता; पावसाळ्यात मिठालाच पाणी सुटते, ते अळीला काय सुकवणार, म्हणून तो सोडून दिला. चुलीतली राख पूर्वी टाकत असत, आणि कोंबड्या राखेत लोळतात हे खरेच आहे, पण राख पिल्लांच्या नाकात आणि पंजांना लागून झोंबते. ती फक्त पोत्यांमागच्या, पिल्ले जाणार नाहीत अशा कोपऱ्यात पसरली. तिचा किती उपयोग झाला हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही.

महालक्ष्म्यांचा आठवडा

वहीतल्या नोंदींप्रमाणे भुरीवरचा आकडा पाचव्या दिवशी १७, दहाव्या दिवशी ८ आणि चौदाव्या दिवशी ३ वर आला. नातीच्या पायांवर नवी गांधी उठली नाही. भुऱ्या पिल्लाचे वजन ४३० ग्रॅम झाले होते आणि ते घमेल्याच्या काठावर चढू लागले होते. घरात सगळे खूश होते, आणि मी सावध होतो, कारण कोश अजून शिल्लक होते.

अठराव्या दिवशी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. पितळी भांडी, मुखवटे, आडण्या हे सारे मागच्या खोलीतल्या माळ्यावर असे, त्यामुळे दोन आठवडे जवळपास बंद ठेवलेल्या त्या खोलीत आदल्या दिवसापासून माणसांची ये-जा सुरू झाली. माहेरवाशिणी आल्या, त्यांची पोरे आली, रात्री जागा पुरेना म्हणून चौघी तिथेच झोपल्या. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाच्या गडबडीत त्यातल्या तिघींच्या पायांवर गांधी होत्या, आणि भुरीच्या अंगावर २२ पिसवा. धाकट्या मुलाचा फोन आला, “काका, सगळं पाण्यात गेलं. आता पंप काढू का?”

काही पाण्यात गेले नव्हते. दोन आठवडे कोशात तयार होऊन बसलेल्या पिसवा पावलांच्या हादऱ्याने आणि झोपलेल्या अंगांच्या उबेने एकदम बाहेर पडल्या होत्या. कोशावर औषधी फवाऱ्याचाही फारसा परिणाम होत नाही, तेव्हा पंप काढला असता तरी हे असेच झाले असते, फक्त मांजर आणि ज्वारी दोन्ही विषारी झाली असती. उलट पिसवा कोशातून बाहेर पडणे आपल्याला हवेच असते. बाहेर पडलेली पिसू फणीत सापडते, कोशातली सापडत नाही. म्हणून पाहुणे गेल्यानंतर मी घरच्यांना त्या खोलीत मुद्दाम रोज वावरायला, पोती हलवायला आणि रात्री एक युक्ती करायला सांगितले: पसरट ताटात साबणाचे पाणी भरून ते जमिनीवर ठेवायचे आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर छोटा दिवा लावून ठेवायचा. पिसवा उजेडाकडे उड्या मारतात आणि ताटात पडतात. या ताटाने पिसवांचा नायनाट होत नाही, पण खोलीत अजून किती निघत आहेत याचा अंदाज येतो. पहिल्या रात्री ताटात ११ होत्या, सातव्या रात्री २.

याच आठवड्यात सुनेने भुरीच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे काही चिकटलेले दाखवले. ते पट्टकृमीचे तुकडे होते. अंग चाटताना गिळलेल्या पिसवांतून तो आला होता. त्याला कोणताही घरगुती इलाज मी सुचवला नाही. परभणीच्या डॉक्टरांनी वजनानुसार प्राझिक्वांटेलची गोळी दिली आणि काम झाले.

घट बसण्याआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि सर्वपित्री अमावास्येच्या आधीच्या चार दिवसांत पूर्णेच्या काठी गावच्या बायका वाकळा आपटताना दिसतात. या रीतीचे कारण सोवळे-ओवळे असेल, पण पावसाळाभर साठलेल्या अंडी-अळ्यांसकट वाकळा धुऊन भाद्रपदाच्या शेवटच्या कडक उन्हात माळवदावर टाकायच्या, याहून योग्य वेळ पिसवांचे चक्र माहीत असलेल्यानेही निवडली नसती. या घरच्या चौदा वाकळा त्या आठवड्यात धुतल्या गेल्या आणि काळ्या ताडपत्रीवर दोन दिवस उलटसुलट करून तापवल्या.

गोठ्यातला कुत्रा

नवरात्रात भुरीवरचा आकडा १ ते ३ च्या आसपास घुटमळत राहिला, खाली जाईना. घरात दिव्याच्या ताटात तर एकही पिसू पडत नव्हती. तेव्हा उगम बाहेर असावा म्हणून गोठा पाहिला. शेताच्या राखणीचा कुत्रा दुपारी गोठ्यात कडब्याच्या गंजीखाली सावलीला पडत असे, आणि भुरी त्याच वाटेने उंदरांवर जात असे. मांजराची पिसू कुत्र्यावरही तितकीच सुखाने राहते. त्याच्या मागच्या पायांजवळचे केस झडलेले होते आणि खालची माती काळ्या चुऱ्याने भरलेली होती.

इथे मी नैसर्गिक उपायांचा आग्रह धरला नाही. राखणीच्या कुत्र्याला रोज फणी फिरवणे शक्य नव्हते आणि त्याची झोपायची जागा ठरलेली नव्हती. पशुवैद्याने सांगितलेले औषध कुत्र्याला दिले. मात्र त्यात परमेथ्रिन नसावे, हे आम्ही आधी विचारून घेतले, कारण भुरी त्याच्याजवळ वावरत होती. कडब्याची गंजी हलवून खालची माती खरवडली, आणि ती जागा आठ दिवस उन्हाला उघडी ठेवली. पिल्ले तोवर तीन महिन्यांची झाली होती. गरज पडल्यास भुरीलाही मांजरांसाठीचे औषध द्यावे, असे मी सांगून ठेवले होते, पण ती वेळ आली नाही. कोजागरीच्या रात्री नातवाने वहीत सलग तिसऱ्यांदा शून्य लिहिले.

दोन पिल्ले दिवाळीत पाहुण्यांकडे गेली. भुरे घरातच राहिले. फणी आता ओसरीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेली असते आणि दर रविवारी एकदा फिरवली जाते. पुढच्या वर्षी मृगाच्या पावसानंतर तीन आठवड्यांनी, आषाढात, नातवाचा फोन आला की फणीत दोन पिसवा मिळाल्या आहेत. काय करू, असे त्याने विचारले नाही. घमेले बाजेखाली गेले आहे आणि लुगड्याचे तुकडे हंड्यात उकळत आहेत, एवढेच त्याला कळवायचे होते.